पाच किलो गव्हाची आढावा बैठक

एका गुरुवारी संध्याकाळी अवधूतराव पाटणकरांनी ठरवलं की, यंदाच्या कुरडया आपण करायच्या. म्हणजे स्वतः करायच्या नाहीत, करवून घ्यायच्या. (स्वतः त्यांनी आजवर फक्त चहा केला होता, आणि तोही गाळायचा राहिला होता.)

याला कारण होतं. द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात अवधूतराव एकोणीस वर्षं कंटेनरचे कागद तपासत होते. कागदावरचा नंबर आणि कंटेनरवरचा नंबर जुळला की शिक्का मारायचा, नाही जुळला की साहेबांकडे पाठवायचा. या एकोणीस वर्षांत कोणी त्यांना कशाबद्दल मत विचारलं नव्हतं. आणि आदल्या दिवशी नव्या साहेबांनी, अपूर्वने, केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली आणि म्हटलं, "अवधूतजी, आपलं दुसरं गोदाम बांधायला घेतोय. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून तुम्ही याल का? सोमवारी सांगा."

अवधूतराव केबिनमधून बाहेर पडले तेव्हा हवेत होते. कंपनीच्या बसने उलवे गाठेपर्यंत ते जमिनीवर आले होते. आपल्याला हे जमेल का? माणसं आपलं ऐकतील का? पनवेलला उतरेपर्यंत तर त्यांना राजीनाम्याचा मायनाही सुचला होता.

गुरुवारी त्यांना मोबाईलवर एक चाचणी सापडली. 'हे करिअर तुम्हाला मानवेल का?' पहिला प्रश्न होता, दोन सहकाऱ्यांचं भांडण झालं तर काय कराल? पर्याय चार होते, पण 'बाथरूममध्ये जाऊन कडी लावेन' हा त्यांत नव्हता. शेवटचा प्रश्न होता, तुम्ही स्वतः पूर्णत्वाला नेलेलं एक काम लिहा. त्या रिकाम्या चौकटीकडे अवधूतराव बराच वेळ बघत बसले. शेवटी त्यांनी 'लग्न' असं लिहिलं आणि खोडलं, कारण तेही मामांनी जमवलं होतं. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला लिहायला एक ओळ सापडू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

त्याच वेळी स्वयंपाकघरात त्यांची बायको पद्मजा भिजलेल्या गव्हाचं पाणी बदलत होती. पाच किलो गहू बुधवारपासून पाण्यात होते. शनिवारी ते वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, रविवारी सकाळी शिजवायचा आणि गच्चीवर कुरडया घालायच्या. दर एप्रिलला पद्मजा, शेजारच्या चारुतावहिनी आणि वाडीवरून मदतीला येणाऱ्या चिंगीबाई हे काम करत. आजवर कुणी त्याला प्रोजेक्ट म्हटलं नव्हतं.

"पद्मजा, या वेळी मॅनेज मी करतो," अवधूतराव म्हणाले.

"तुम्ही गच्चीची किल्ली तेवढी आणा."

मग अवधूतरावांनी तिला सगळं सांगितलं. साहेबांची खुर्ची सांगितली, चाचणीतली रिकामी चौकट सांगितली. म्हणाले, "एकदाच माझं ऐक. सोमवारी उत्तर द्यायचंय. मला फक्त बघायचंय की मला जमतं का."

पद्मजाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. नवऱ्याच्या अशा चेहऱ्याबद्दल तिने फक्त त्याच्या दहावीच्या निकालाच्या गोष्टीत ऐकलं होतं. "बरं," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही म्हणाल तसं."

इथेच कुरडयांचं नशीब फुटलं.

शुक्रवारी त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. शनिवारी फ्रिजवर तक्ता लागला. कामाचे दहा टप्पे, समोर जबाबदार व्यक्तीचं नाव आणि खाली लाल अक्षरांत नियम : 'प्रत्येक टप्प्यानंतर आढावा. आढाव्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होणार नाही.' हा नियम त्यांना इंटरनेटवरच्या एका कोर्सच्या फुकटच्या धड्यात मिळाला होता. (विकतच्या धड्यांत त्याचे अपवाद असावेत.)

चारुतावहिनींनी तक्ता वाचून विचारलं, "भावोजी, माझ्या नावापुढे 'रिसोर्स' का लिहिलंय?"

"आज यांचं ऐकायचं," पद्मजा हळूच म्हणाली.

रविवारी सकाळी सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. उकळत्या पाण्यात मीठ-हिंग पडलं, चीक ओतला, चिंगीबाईंनी तो घाटून घाटून काचेसारखा केला. पातेलं गच्चीवर गेलं, प्लास्टिक अंथरलं, सोऱ्याला तेलाचा हात लागला. आधीचे सात आढावे कामाच्या धांदलीत येता-जाताच उरकले होते. चिंगीबाईंनी पहिला डाव चीक उचलला आणि अवधूतरावांनी हात वर केला.

"थांबा. टप्पा आठचा आढावा."

"दादा, चीक गरम हाय तवर घालाया लागतं," चिंगीबाई म्हणाल्या.

"दहाच मिनिटं. यात शिकायला काय मिळालं, हे प्रत्येकाने सांगायचं."

चिंगीबाईंनी पद्मजाकडे पाहिलं. पद्मजाने मान हलवली. ती दिलेल्या शब्दाला जागत होती. बाकी कुठल्याही रविवारी तिने नवऱ्याला त्या पातेल्यासकट जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

चारुतावहिनींना शिकायला काही मिळालं नव्हतं, पण त्यांना बोलायला आवडत असे. त्यांनी सासूच्या काळचा चीक आणि आत्ताचा चीक यांतला फरक सांगितला. अवधूतराव लिहून घेत होते. माणसं आपल्यासमोर गोल करून उभी आहेत, आपण बोट केलं की बोलतायत, हे सुख त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. त्यांना वाटलं, जमतंय. म्हणून त्यांनी पद्मजालाही दोन शब्द बोलायला सांगितलं.

"चीक गार होतोय," पद्मजा म्हणाली. ते त्यांनी 'जोखीम' या सदराखाली लिहिलं.

पंचवीस मिनिटांनी आढावा संपला. चिंगीबाईंनी डाव घातला तो पातेल्यात उभा राहिला. सोऱ्यात कसाबसा एक गोळा कोंबला, तर तो खालून यायला तयार होईना. "द्या इकडे, जोर लागतो," असं म्हणून अवधूतरावांनी सगळं वजन टाकलं. पद्मजाच्या आईचा लाकडी सोऱ्या मधोमध फुटला. चीक जागचा हलला नाही.

"परत गरम केला तर?" त्यांनी विचारलं.

"गुठल्या व्हतील. म्हशीला घाला," चिंगीबाई म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "दादा, तुमी हुशार हाव. पन चीक कुनासाठी थांबत नाय."

पद्मजाने फुटलेल्या सोऱ्याचे दोन तुकडे पदरात गुंडाळले आणि जिना उतरून गेली. रिकाम्या प्लास्टिकवर ऊन फुकट पडत होतं. दहापैकी आठ टप्पे झालेच आहेत, असा हिशेब करून अवधूतरावांनी ग्रुपवर ठरल्या वेळी रिपोर्ट टाकला : '८० टक्के काम पूर्ण.' मग तिथेच पालथ्या बादलीवर बसले. त्यांना रडावंसं वाटत होतं, आणि खरं तर ते थोडं रडलेही.

सोमवारी ते अपूर्वच्या केबिनमध्ये उभे राहूनच म्हणाले, "सर, मला जमणार नाही." आणि काहीही न लपवता सगळी हकिकत सांगितली.

अपूर्वने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे ऐन वेळी तुम्ही मीटिंग घेतलीत?"

"हो."

"ज्यांना काम येत होतं, त्यांना थांबवलंत?"

"हो, सर."

"माल पूर्ण वाया. आणि रिपोर्टमध्ये ऐंशी टक्के?"

"हो."

"रिपोर्ट वेळेवर गेला?"

"तो वेळेवर गेला, सर."

अपूर्व उठला आणि त्याने हात पुढे केला. "अवधूतजी, आजवर अनुभवी माणूस मिळत नव्हता हो. उद्यापासून जॉइन व्हा."

संध्याकाळी अवधूतरावांनी ही बातमी गुन्हा कबूल केल्यासारखी पद्मजाला सांगितली. कालपासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मॅनेजरला एप्रिलमध्ये सुट्टी असते?" तिने विचारलं.

"नाही. एप्रिल-मेमध्ये रविवारीही साइटवर जावं लागेल."

"नक्की?"

"नक्की."

पद्मजाने डोळे मिटून हात जोडले, देवापुढे साखर ठेवली आणि चारुतावहिनींना हाक मारून नव्याने पाच किलो गहू भिजत घातले.