मोठ्या बाईंनी आठ मोजले

मोठ्या बाई स्टुडिओत शिरल्या तेव्हा फोटोवाले काळ्या कापडाखाली डोकं घालून उभे होते, आणि बराच वेळ त्यांनी ते बाहेर काढलंच नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात. उलट्या बाईंकडे बघण्याइतकी हिंमत फोटोवाल्यांत होती. सरळ बाईंकडे बघण्याइतकी नव्हती.

बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. चौतीस वर्षांची नोकरी संपवून शनिवारी निवृत्त व्हायच्या होत्या, आणि त्याच दिवशी शाळेच्या सभागृहात त्यांचा मोठा फोटो लागायचा होता. बाई नुसत्या व्हरांड्यातून चालत गेल्या तरी दोन्ही बाजूंच्या वर्गांत पाढे आपोआप सुरू होत. त्यांना हसताना पाहिलेलं कुणी हयात नव्हतं.

फोटो काढायचं काम फोटोवाल्यांचं. पण त्या काळी फोटो काढला म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं त्यांची बायको करी. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची. खिडकीशी बसून, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं ती निगेटिव्हच्या काचेवरून लोकांच्या सुरकुत्या, पुटकुळ्या आणि डोळ्यांखालची वर्तुळं नाहीशी करायची. गल्लीतल्या निम्म्या माणसांचं तारुण्य त्या पेन्सिलीच्या टोकावर तगून होतं.

वहिनी बाईंचीच विद्यार्थिनी. सात वर्षं तिसऱ्या बाकावर बसली. पण बाईंच्या तोंडून तिला कधी ‘शाबास’ मिळालं नाही. तिच्या पुढचीला मिळालं, मागचीला मिळालं, एकदा तर चुकून वर्गात आलेल्या दुसऱ्या तुकडीतल्या मुलीलाही मिळालं. वहिनीला मात्र नेहमी ‘हं, पुढे वाच.’ आता वहिनीच्या केसांत पांढरे दिसू लागले होते. पण ती उधारी मनातून गेली नव्हती. हा फोटो असा करायचा की बाईंनी शाबास म्हटलंच पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

“किती वेळ बसायचं?” बाईंनी खुर्चीवर बसत विचारलं.

“फक्त तीन सेकंद, बाई. मी भिंगाची टोपी काढतो, तीन मोजतो, टोपी लावतो. तेवढ्यात हलायचं नाही.”

“हलायचं नाही, हे तुम्ही मला सांगताय?”

फोटोवाल्यांनी टोपी काढली. “एक, दोन...”

“थांबा! हे काय मोजणं झालं? एक आणि दोनच्या मध्ये श्वासाला तरी जागा ठेवा. असं शिकवलं का कुणी तुम्हाला?”

“नाही बाई.”

“मग ऐका. मी मोजते.”

आणि बाईंनी मोजलं. खणखणीत आवाजात, प्रत्येक आकड्याला त्याचा मान देत. तीन झाले, चार झाले. बाई ज्या कवायतीच्या तालावर मोजत होत्या, ती आठवर थांबते. फोटोवाले हातात टोपी घेऊन सावधान उभे. बाईंनी “आठ. पुरे!” म्हटल्यावरच त्यांनी ती लावली. थांबा म्हटल्यापासून पुरे म्हणेपर्यंत भिंग सताड उघडं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा बाई रस्त्याच्या वळणापाशी पोचल्या होत्या.

संध्याकाळी अंधारखोलीतून निगेटिव्हची काच बाहेर आली ती जास्त उजेड खाऊन तव्यासारखी काळी. आणि तिच्यावरून छापलेला फोटो तितकाच पांढराफटक! एक चष्मा होता. चष्म्यामागे पीठ होतं.

“अहो, हे काय?” वहिनीनं विचारलं.

“बाई.”

“तोंड कुठंय त्यांचं?”

“त्या मोजत होत्या ना. ओठ हलत होते. चार-पाच ठिकाणी थोडं थोडं आलंय बघ.”

“आणि तुम्ही काय करत होतात?”

“मी ऐकत होतो.”

वहिनी मटकन स्टुलावर बसली. “उद्याच बोलवा त्यांना परत.”

“तू बोलव. सांग, बाई, तुम्ही मोजायला चुकलात.”

शेवटी वहिनीनं तो पांढरा फोटो दिव्याखाली घेतला, काळा रंग पाण्यात कालवला आणि चार केसांचा ब्रश हातात घेतला. आयुष्यभर तिनं सुरकुत्या पुसल्या होत्या. आता पहिल्यांदाच घालायला बसली. आणि घालायच्या कशावरून? तर आठवणीवरून. सात वर्षं तिसऱ्या बाकावरून पाहिलेला चेहरा तिनं रेघ न् रेघ आठवून काढला: भुवयांमधल्या दोन उभ्या आठ्या, नाकपुडीपासून निघून हनुवटीला दटावणाऱ्या दोन रेषा, आणि एका टाक्यात शिवल्यासारखे ओठ.

दुसऱ्या दिवशी फोटो वाळत ठेवला होता. शेजारचा चौकटवाला माप घ्यायला आला, फोटोसमोर उभा राहिला, आणि त्यानं नकळत सदऱ्याचं वरचं बटण लावलं. “मी... नंतर येतो,” म्हणाला आणि माप न घेताच गेला. त्याच्या मागून एक गिऱ्हाईक आलं, बरोबर सात वर्षांचा मुलगा. मुलानं फोटोकडे बघितलं, नाकातलं बोट काढलं आणि न विचारता सांगितलं, “मी नव्हतो.”

“फार कडक झाला,” फोटोवाले म्हणाले. “मी जेवायला बसलो तर घास उतरेना. जरा मऊ कर.”

वहिनीनं त्याच पांढऱ्या फोटोची दुसरी प्रत घेतली. आठ्या निम्म्या केल्या, रेषा फिक्या केल्या, ओठ सैल सोडले. आता बाई रांगेत अर्ज घेऊन उभ्या असल्यासारख्या दिसू लागल्या.

“ह्या कुणाची तरी माफी मागतायत,” फोटोवाले म्हणाले.

“बाई? माफी?”

“तेच म्हणतोय मी.”

सासूबाई भाजी निवडता निवडता हे सगळं बघत होत्या. “अगं, हसव की तिला जरा,” त्या म्हणाल्या. “चौतीस वर्षांनी सुटतंय माणूस. तुरुंगातून सुटणारासुद्धा हसतो.”

“आई, बाई हसत नाहीत.”

“तोंड तर तूच काढतेयस. तुला कोण अडवतंय?”

नुसती गंमत म्हणून वहिनीनं तिसरी प्रत पुढे घेतली. बाईंचं हसू तिनं पाहिलं नव्हतं. पण ते कसं असेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सात वर्षं तिनं त्याची वाट पाहिली होती. ओठांचं डावं टोक किंचित वर, मग उजवं, चष्म्यामागे डोळ्यांच्या कडांना दोन-दोन बारीक रेघा. ब्रश खाली ठेवला तेव्हा तिचा चहा केव्हाच गार झाला होता.

फोटोवाले येऊन बघत राहिले. “ह्या कोण?”

“कुणी नाही. मी आपली मजा केली. हा द्यायचा नाहीये हं,” वहिनी म्हणाली. “पहिल्या दोघांच्या मधला एक नवा काढते, की झालं.”

शुक्रवारी दुपारी नवी प्रत छापायला दोघं अंधारखोलीत गेले. त्या खोलीचं दार मध्येच उघडता येत नाही, नाहीतर सगळा कागद वाया जातो. तासाभरानं बाहेर येतात तो टेबलावर दोनच फोटो.

“आई, तिसरा कुठं गेला?”

“चौकटवाला येऊन गेला. म्हणाला, लगेच पाहिजे, शाळेचा शिपाई दुकानात येऊन बसलाय. दिला.”

“कुठला दिला?”

“अगं, जो बघून मला, ये बाई, चहा घे, म्हणावंसं वाटलं तो.”

फोटोवाले एका पायात चप्पल घालून धावले. चौकटवाल्यानं हात झटकले. काच बसवून, खिळे मारून, कागदात बांधून फोटो गेला होता. शाळेत शिपायानं सांगितलं, ऑफिसला कुलूप आहे आणि किल्ली मोठ्या बाईंकडे आहे. मागून आणता का?

कुणीही आणली नाही.

शनिवारी वहिनी आणि फोटोवाले सभागृहात दाराजवळच्या खुर्च्यांवर बसले. भाषणं झाली. मग नव्या मुख्याध्यापिकेनं दोरी ओढली आणि पडदा सरकला.

भिंतीवर आधीचे पाच मुख्याध्यापक रांगेनं कपाळाला आठ्या घालून बघत होते, आणि शेवटी मोठ्या बाई हसत होत्या. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली, “अय्या, बाई!” आणि हसली. मग तिची रांग हसली. मग मागची. कुणी आपल्याकडे बघून हसलं की आपण हसतोच. तशा दोनशे मुली भिंतीकडे बघून हसत होत्या.

बाई उठल्या. फोटोजवळ गेल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि वही तपासावी तसा तो चेहरा वरपासून खालपर्यंत तपासला.

“कुणाचं काम हे?”

फोटोवाल्यांनी तत्काळ बायकोकडे बोट केलं.

“माझं, बाई,” वहिनी उभी राहिली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. “हं,” म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

त्या एका ‘हं’नं वहिनीची झोप उडवली. “हं म्हणजे बरं आहे,” फोटोवाले धीर देत. “की हं म्हणजे, नंतर बघते तुला?” ती विचारी. “सूर कसा होता? वर गेला की खाली?” दोघं ताटावर बसून एकमेकांना हं म्हणून दाखवत, आणि सासूबाई म्हणत, “नुसतं हं हं काय करताय, भाजी वाढू का?”

गुरुवारी सकाळी बाई स्टुडिओच्या दारात उभ्या. फोटोवाल्यांना एकदम अंधारखोलीतलं काहीतरी काम आठवलं आणि वहिनी एकटी उरली.

“दार लाव,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. “तो फोटो.”

“चुकलं, बाई. मी दुसरा...”

“मध्ये बोलू नकोस. पाच दिवसांत तेवीस मुली घरी आल्या. दारात उभ्या राहतात, माझ्या तोंडाकडे बघतात, जरा वाट बघतात आणि ‘काही नाही बाई’ म्हणून निघून जातात. काल एक एवढीशी आली. म्हणाली, बाई, ते भिंतीवरचं करा ना.”

“मग?”

“केलं. ती रडायला लागली.”

वहिनीनं पेन्सिल खाली ठेवली.

“घरी आरशासमोर बसून बघितलं. जमत नाही,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण नजर जमिनीवर होती. “तू ते काढलंस, म्हणजे ते कसं करायचं हे तुला माहीत असणार. शिकव.”

वहिनीनं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला हातआरसा बाईंच्या पुढे धरला. पहिल्या प्रयत्नाला ती स्वतःच एक पाऊल मागे सरली.

“ओढू नका, बाई. ओठ नुसते सोडा.”

“सोडले.”

“ते नाक फुगलं. कपाळ सोडा आधी.”

“कपाळाचा काय संबंध?”

“कपाळ सारखं मध्ये येतंय. हां. आता डावं टोक. डावं, बाई!”

“हे डावंच आहे.”

“आरशातलं नको, तुमचं. दात नको एवढ्यात.”

“का?”

“दात पुढच्या धड्यात.”

बाईंनी मान डोलावली आणि मुकाट्यानं दात आत घेतले. अर्धा तास गेला. अंधारखोलीचं दार बोटभर उघडलं आणि पुन्हा लागलं. एकदा बाई वैतागून उठायला निघाल्या, तर वहिनी म्हणाली, “बसा, झालं नाहीये अजून,” आणि त्या बसल्या. मग अचानक, दोघींचंही लक्ष नसताना, डावं टोक हललं. त्याच्यामागून उजवं. चष्म्यामागे डोळ्यांच्या कडांना दोन-दोन बारीक रेघा उमटल्या.

“शाबास!” वहिनी बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

बाई कानापर्यंत लाल झाल्या. ताठ बसल्या, दोन्ही हात मांडीवर नीट ठेवले आणि तिच्याकडे बघत म्हणाल्या, “परत करून दाखवू?”