ब्लेसीच्या स्थळाची चौकशी

“नवा नवरा वाईट चालीचा निघाला, तर पोरगी तुमची,” वकील म्हणाले, आणि रांजणगावच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला सॅमसन न झोपताच शिरूरहून कासुर्डीला निघाला. घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं. सहा वर्षांची पोरगी एंजल आईजवळ, ब्लेसीकडे, दौंडला. तिचं नाव सॅमसनच्या ओठांवर जात्यावरच्या ओवीसारखं सारखं फिरायचं. आता ब्लेसी कासुर्डीच्या एडविनशी लग्न करणार होती. उद्या एंजल त्यालाच पप्पा म्हणू लागली तर?

कासुर्डीतल्या चहाच्या टपरीवर त्याने थेटच विचारलं, “एडविन कसा माणूस हाय? पितो का?”

टपरीवरची माणसं एकमेकांकडे बघून हसली. परगावचा माणूस असे प्रश्न एकाच कामासाठी विचारतो.

“पाव्हणं, पोरीचे भाऊ का?”

सॅमसनने चहाचा कप तोंडाला लावला.

“सोनं हाय पोरगं! सुपारीचं खांड न्हाई तोंडात.”

“भांडणतंटा? पोलीस केस?” सॅमसनने मोठ्या आशेने विचारलं.

“बघा, बहिणीची काळजी किती!” म्हणत दोघांनी त्याला दंडाला धरून एडविनच्या घरी नेलं.

एडविनची आई प्रेमाबाई हरखून गेली. पाय धुवायला पाणी झालं, चहा झाला, पोहे झाले, मग “जेवल्याबिगर जायचं न्हाई” झालं. शेवटी डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेलही आला. भरल्या पोटी सॅमसन पेंगू लागला, एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. दौंडहून तिला फिरवायला घेऊन आलेल्या एडविनच्या पुढ्यातून एंजलने उडी मारली.

“पप्पा! तुमी टोपी कवापासनं घालाय लागला?”



“म्हंजी तू भाऊ न्हाईस, पयला नवरा हायेस,” प्रेमाबाई सावकाश म्हणाली. “बरं झालं आलास. पोरीला तुझ्याकडं धाडायला ब्लेसीचा जीव धजत न्हाई. आमची चौकशी केलीस, आता मी तुझी करते.”

पुढच्याच रविवारी, उपासना आटोपून, ती एडविनला घेऊन शिरूरला सॅमसनच्या गल्लीत उतरली आणि शेजारच्या हौसरावांना गाठून म्हणाली, “सॅमसन कसा माणूस हाय?”

हौसरावांचा चेहरा उजळला. गड्याला एकदाचं स्थळ आलं! सॅमसन दारात येईस्तोवर ते रंगातही आले होते.

“लाखात एक! पयल्या बायकोचं नाव काढत न्हाई.”

“आन् पोरगी?”

“तिचा घोर सोडा! ती आईकडंच ऱ्हाती. हा तिची आठवण बी काढत न्हाई. तुमच्या पोरीच्या पायात कुणाची लुडबुड न्हाई.”

“हौसराव!” सॅमसन ओरडला.

“तू गप रं,” हौसरावांनी डोळा मारला, “मी जमवतो.”

“खोटं हाय सगळं!” सॅमसनचा आवाज चिरकला. “तिच्यापायी दिवसपाळी मिळावी म्हणून सायबाच्या मागं मागं फिरतोय. तिला आवडती म्हणून शेंगदाण्याची पोळी शिकतोय, रोज करपतीया! पोरगी नको म्हणणारं स्थळ मला जन्मात नको!”

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. एडविनने मान खाली घातली आणि उगाच डोळे चोळले.

प्रेमाबाईने पदर सावरला. “शनिवारी सकाळी एडविन तिला आणून सोडंल, ऐतवारी सांजच्याला न्यायला यील. कोर्टात बी आमी हेच सांगू. आन् पोळी भाजताना गॅस बारीक ठेवत जा.”

मोटारसायकल वळणाआड गेली. सॅमसन उंबऱ्यावर बसून एकाच वेळी हसत होता आणि नाक पुसत होता.

हौसरावांनी कपाळावर हात मारला. “अरं करंट्या, जमत आलं होतं की! बाई सरळ होती. आन् तिच्याबरूबरचा तो गडी केवढा गुणी दिसत होता!”

“हायेच गुणी,” सॅमसन म्हणाला. “म्या सोता जाऊन चौकशी केलीया.”