रडणारे मूल : स्तर तिसरा

लहान मुलांना शिकवणं हे अत्यंत जबाबदारीचं काम आहे, याबद्दल आता दुमत उरलेलं नाही. म्हणूनच ते करणाऱ्यांना वर्षातले एकोणीस दिवस मुलांपासून दूर नेऊन प्रशिक्षण दिलं जातं. (त्या दिवसांत मुलं काय करतात, हा विषय योजनेच्या पुढच्या टप्प्यात आहे.)

बालवाडीच्या बाईंपर्यंत ही योजना पोहोचायला सत्तावीस वर्षं लागली. तोवर त्या तशाच मुलं सांभाळत होत्या. नवं मूल रडायला लागलं की त्या त्याच्याशेजारी सतरंजीवर बसत आणि खडूंच्या डब्यातून मोडके खडू निवडत राहत. बोलत नसत. पंधरा-वीस मिनिटांनी मूल हुंदके देत एखादा तुकडा उचलून त्यांच्या हातात ठेवी. हे कोणत्याही पुस्तिकेत नसल्यामुळे याला पद्धत म्हणता येत नव्हतं.

यंदा परिपत्रक आलं : 'रडणारे मूल' या प्रशिक्षणाचा तिसरा स्तर उत्तीर्ण न होणाऱ्या शिक्षिकेला वर्गावर ठेवता येणार नाही. बाईंना वर्गाखेरीज आयुष्यात काही मागायचं नव्हतं, त्यामुळे त्या धास्तावल्या. घरी त्यांची मुलगी त्यांच्याकडून मंजूर वाक्यं पाठ करून घेऊ लागली. रडणाऱ्या मुलाशी बोलायची अशी वाक्यं एकूण सात आहेत.

"मला दिसतंय की तुला वाईट वाटतंय. पुढचं काय, आई?"

"अगं, एवढं ऐकून न रडणारंही रडेल."

"रडू दे. नव्वद सेकंदांत सातही व्हायला हवीत. तू तेवढं तोंड उघड, आई!"

परीक्षा सभागृहात झाली. मुलं हजर असली की परीक्षेत व्यत्यय येतो, असं पूर्वी आढळल्यामुळे मुलांचं काम शिक्षिकाच करतात. बाईंच्या वाट्याला निवृत्तीला आलेल्या, दुसऱ्या केंद्रातल्या एक शिक्षिका आल्या. गळ्यात पाटी : 'वय तीन, पहिला दिवस.' घंटा होताच त्या नियमाप्रमाणे मोठ्यानं रडू लागल्या. विसाव्या सेकंदाला आवाज बंद झाला आणि खांदे हलायला लागले. हे नियमात नव्हतं.

बाई पहिलं वाक्य म्हणायला वाकल्या, आणि तिथंच खाली बसल्या. परीक्षकांच्या टेबलावरची टाचण्यांची डबी घेऊन त्यांनी वाकड्या टाचण्या वेगळ्या काढायला सुरुवात केली. मूल शांत झाल्याशिवाय परीक्षा संपवण्याची तरतूद नाही, त्यामुळे परीक्षकही थांबले. अकरा मिनिटं गेली. मग त्या तीन वर्षांच्या शिक्षिकेनं नाक पुसून एक टाचणी पुढे केली.

"ही पण गेलेलीच आहे हो."

"असू दे. ठेवा इकडे."

"घरी कुणी विचारतच नाही हो," त्या म्हणाल्या.

"मीही नाही विचारत. बसा."

निकाल तासाभरात लागला. मंजूर वाक्यं : शून्य. मूल शांत होण्यास नव्वद सेकंदांवर झालेला विलंब : साडेनऊ मिनिटं. शेरा : 'उमेदवारानं काहीही केलं नाही. मूल परीक्षेनंतरही उमेदवाराला सोडून जाण्यास तयार नव्हतं.'

विभाग मात्र निष्ठुर नाही. नापास शिक्षिकेला मुलांजवळ ठेवता येत नाही, म्हणून तिला बढती देऊन प्रशिक्षण कक्षात घेतलं जातं. (पाचही परीक्षक याच मार्गानं आले आहेत; दर्जातलं सातत्य त्यामुळेच टिकून आहे.) 'बढती नको, वर्ग द्या,' असा अर्ज बाईंनी केला. त्यावर त्यांना 'करिअरविषयी उदासीनता : कारणे व उपाय' या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवण्यात आलं. आता त्यांना स्वतंत्र टेबल आहे, फिरती खुर्ची आहे. बालवाडी सुटायच्या वेळी त्या खुर्चीतून उठून उभ्या राहतात. थोड्या वेळानं बसतात.

वर्गावर चौऱ्याण्णव टक्के मिळवलेली नवी शिक्षिका आली आहे. ती सातही वाक्यं एक्क्याऐंशी सेकंदांत म्हणते. मुलं गप्प होतातच असं नाही. वाक्यं मात्र पूर्ण होतात. पाहणीत सत्त्याण्णव टक्के पालकांनी पूर्ण समाधान नोंदवलं. उरलेले तीन टक्के पालक मूल आत सोडल्यावर थोडा वेळ दाराबाहेर थांबले होते, असं चौकशीत निष्पन्न झालं.

पालकहो, आपण थांबला नाहीत. या सहकार्याबद्दल विभाग आपला आभारी आहे.