तळ्यावरचं उभं पीक

बुलढाण्याकडच्या धाड गावाच्या पलीकडे एका वाडीच्या तळ्यावर पाटबंधारे खात्याच्या जोगळेकर साहेबांनी पांढरी पूड पसरली, तेव्हा महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती आणि चैत्र लागला होता. पुडीचा पाण्यावर पातळ पडदा होतो, ऊन पाणी पीत नाही, असं खात्याचं म्हणणं. आठ दिवसांत फरक दिसला तर मृगापर्यंत पूड इथंच, नाहीतर दुसऱ्या गावाला.

"पडदा कुठी दिसून राह्यला?" तानुबाईनं विचारलं. तळं आटलं की तिला दीड कोसावरच्या मळ्यातल्या विहिरीवर जावं लागे, म्हणून ती बारकाईनं बघत होती.

"दिसत नाही, बाई. पुडीचे कण पाण्यावर दाटीनं उभे राहतात, जरा कलून. एका पट्ट्यातले इकडे कललेले, शेजारच्या पट्ट्यातले तिकडे."

"मंग वाऱ्यानं कललेली जवारीच म्हना की!"

"अगदी तशीच!" साहेब खूश झाले. तिथंच घोळ झाला.

कारण उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेब मुक्कामाला धाड गावी गेले आणि तानुबाईनं हुकूम सोडला, "आठ दिवस तळ्यात घागर बुडवाची नाई. म्हशीबी नाई."

"काऊन व माय? पानी वाचवाले दीड कोस पान्याले जा?" सिंधूताई फणकारली.

"आठ दिवस जा, मंग मिरगापर्यंत बस खुशाल."

आठ दिवस बायका उन्हातान्हात मळ्यात गेल्या. जाताना साहेबांना शिव्या, येताना तानुबाईला.

नवव्या दिवशी बुलढाण्याहून मोठे साहेब जीपनं आले. तळ्यातली मोजपट्टी पाहिली, जोगळेकरांच्या वहीतल्या आकड्यांतून वाडीच्या घागरींचा अंदाज वजा केला, आणि वही मिटली.

"जोगळेकर, उन्हानं जेवढं उडतं त्याहून जास्त पाणी वाचवलंत तुम्ही. हिशेबानं तळं भरत चाललंय! खोटी आहे ही वही. उचला पूड."

जोगळेकरांचा चेहरा पुडीसारखा झाला. तानुबाई पुढं आली.

"वही खरी हाये, साहेब. आमी घागर बुडोलीच नाई."

"का?"

"उभं पीक तुडोते का कोनी?"

"अहो बाई," जोगळेकरांनी कपाळावर हात मारला, "घागर काढली की कण क्षणात पुन्हा जुळतात!"

साऱ्या बायका तानुबाईकडे वळल्या. सिंधूताईनं पदर खोचला.

"थांबा!" मोठे साहेब ओरडले. त्यांनी तुलनेसाठी काठावर ठेवलेल्या, पूड न टाकलेल्या पाण्याच्या टाकीत पट्टी बुडवली. टाकी दोन इंच उतरली होती, तळं सव्वाच. "कुणी थेंब घेतला नाही. म्हणजे जे गेलं ते उन्हानंच नेलं! दुसरीकडे माणसं पाणी काढतात, गुरं पितात, आम्ही अंदाज बांधत बसतो. इतका चोख प्रयोग मी नोकरीत पाहिला नाही. पूड मृगापर्यंत इथंच राहील!"

बायकांनी एकच गलका केला. सिंधूताईनं पदर सोडला.

"फक्त," मोठे साहेब जरा चाचरले, "मुंबईच्या कचेरीला निकाल दोनदा दाखवावा लागतो. आणखी आठ दिवस अशीच बंदी ठेवाल?"

तानुबाईनं बायकांकडे पाहिलं, मग जीपकडे.

"ठेवू की. पन आता पानी तुमी आना."

पुढचे आठ दिवस जीप सकाळ-संध्याकाळ घागरी घेऊन मळ्यात जात होती. पुढच्या सीटवर तानुबाई, मागं सिंधूताई घागरी धरून. मोठे साहेब तेवढे दिवस कचेरीत एसटीनं गेले.