आर्वीकडे झुकलेला घट

वासुदेवरावांनी छपरावर चढायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध होता. (म्हणजे त्यांच्या मते. बायकोला विचारायची सोय नव्हती.)

बारावीत शिकणाऱ्या नलूला, म्हणजे त्यांच्या लेकीला, दोन स्थळं आली होती. एक आंजीचं, शेतीवाडीवालं. ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे सुलोचनाबाईंच्या, भावाने, रूपरावांनी आणलेलं. दुसरं आर्वीचं, मुलगा एसटी डेपोत कारकून. वासुदेवराव स्वतः कारकून, त्यामुळे जगात कारकुनाइतका भरवशाचा प्राणी दुसरा नाही असं ते मानत. शिवाय जावई डेपोत असला की जन्मभर खिडकीजवळची जागा पक्की. नलूला कॉलेजात जायचं होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

निकाल देवीवर सोडायचा, असं सुलोचनाबाईंनी जाहीर केलं. त्यांच्या माहेरची रीतच होती. घटाभोवती पेरलेला गहू दसऱ्याला ज्या दिशेला झुकेल, तिकडे पोरीचं भलं. नाचणगावहून आंजी पूर्वेला, आर्वी उत्तरेला. एकदा बसवलेल्या घटाला मात्र कोणी हात लावायचा नाही.

आता नलू रोज सकाळी मोठ्यानं पाठ करायची, की अंकुर अंधारात पिवळे नि लांबुळके होतात, उबेत भरभर वाढतात, आणि उजेड एकाच बाजूने आला तर तिकडे वाकतात. दोन दिवस ऐकल्यावर बापाला ते समजलं. (नलूच्या मास्तरांना हे कळतं तर त्यांनी पेढे वाटले असते.)

तिसऱ्या माळेला घरात कोणी नाही असं पाहून वासुदेवराव छपरावर चढले आणि देवघरावरचे उत्तरेकडचे दोन कवेलू, म्हणजे कौलं, उजेड आत येईल इतके सरकवले. उतरताना घसरून पडले, पायजमा फाटला, गुडघा सोलला.

"काऊन लंगडून राह्यले?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"ऑफिसात घसरलो."

त्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती. पण सुलोचनाबाई वळलेल्या वाती घेऊन देवघरात गेल्या.

ऑक्टोबरचा उकाडा होताच. गहू तरारून वर आला आणि सगळाच्या सगळा उत्तरेकडे माना वळवून उभा राहिला. दसऱ्याला आंजीहून रूपराव आले.

"हे काय वं बाई? एकही काडी आंजीकडे पाहून नाई राह्यली!"

वासुदेवरावांनी हात जोडले. "म्या काय बोलू, रूपराव? देवीनंच सांगतलं. आता नलू आर्वीलेच जाईन. यात बदल नाई!"

"पक्कं?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"देवीपुढं खोटं बोलीन काय?"

"मंग फोडा नारळ."

त्यांनी फोडला.

"नलू, बाबाच्या पाया पड. तुले जूनमंदी आर्वीच्या कॉलेजात घालून राह्यले."

"कॉलेज?" वासुदेवरावांच्या हातातली करवंटी खाली पडली. "अवो, आर्वी म्हणजे तो डेपोतला पोरगा!"

"देवीनं गाव दाखवलं. पोरगा कुठं दाखवला?"

आंजी हुकल्याचं रूपरावांना वाईट वाटलं होतं, पण भाऊजींचा चेहरा पाहून ते दुःख बरंच हलकं झालं. नलू पाया पडली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ते पाहून वासुदेवरावांनाही गलबलून आलं, आणि एसटीतल्या खिडकीजवळच्या जागेचा नाद सोडून त्यांनी मनापासून आशीर्वाद दिला.

पाहुणे गेल्यावर सुलोचनाबाई हळदीचा लेप घेऊन आल्या. "पाय लांब करा. छपरावरून पडलं की दुखणं लवकर जात नाई."

"तुले कोणं सांगतलं?"

"कोण कायले सांगन? मी समोर लीलाबाईच्या वट्यावर वाती वळत बसली होती. तुमी कोण्या बाजूचे कवेलू काढता, तेच पाहून राह्यली होती. पूर्वेचे काढले असते, तर तवाच आवाज दिला असता."