बादलीतली टर्की

"टर्की हलत नाहीये!" मार्लिस एंगब्रेटसन गॅरेजमधून किंचाळली.

स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलेला तिचा नवरा व्हर्लिन दचकला. मेलेल्या टर्कीने हलावं तरी का, हे त्याला कळेना. तो जाऊन पाहतो तर त्याचंही तोंड उघडंच राहिलं. मिनेसोटात नोव्हेंबर लागला की गॅरेज हाच घरोघरचा दुसरा फ्रिज. त्या रीतीने मार्लिसने टर्की मिठाच्या पाण्याच्या बादलीत मुरायला बुडवून रात्री तिथे ठेवली होती. पण पारा उणे सव्वीसवर गेला आणि बादलीचा दगड झाला. टर्कीची एक तंगडी तेवढी वर आली होती.

"दहाला ही ओव्हनमध्ये जायला हवी! फ्रिजवर लिहिलंय!"

"अगं, पण टर्कीने कुठे वाचलंय?"

फ्रिजवर थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे टर्कीच्या मेजवानीच्या सणाचं, वेळापत्रक होतं, पाच-पाच मिनिटांचं. कारणही तसंच होतं. मुलगी सोल्वेगचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या विहीणबाई डोरोथिया आज पहिल्यांदा जेवायला येणार होत्या. लग्नानंतर हा सण कायम कोणाच्या घरी, ते आजच्या जेवणावर ठरणार होतं. डोरोथियाबाईंची टर्की चार गावांत नावाजलेली. त्या जिंकल्या, तर दरवर्षी या दिवशी मार्लिस आणि व्हर्लिन एकमेकांची तोंडं बघत बसणार. एकुलती एक मुलगी!

सोल्वेग केस वाळवायचं यंत्र घेऊन बादलीशी बसली. "आई, रविवारी चर्चमध्ये मुलांना तूच शिकवलंस ना, धांदलीत बेत फसला की शांतपणे दहापर्यंत मोजायचं?"

"मोजतेय! चारशे बारा झालेत!"

अर्ध्या तासात फक्त तंगडी वाळली. "मी दुसरं काहीतरी आणतो," म्हणून व्हर्लिन गाडी घेऊन सुटला. सणामुळे सगळं गाव बंद होतं. गाडी वळणाआड गेली आणि मार्लिसला भलतंच आठवलं. ओव्हन रिकामा करायला ती चिकट गोड मार्शमेलो लावलेल्या रताळ्यांचा ट्रे गॅरेजात घेऊन गेली होती. बादलीचं झाकण उघडण्यापूर्वी तो तिने हातातून ठेवला होता, गाडीच्या टपावर.

तिने कपाळावर हात मारला. वीस मिनिटांनी दारावरची घंटा वाजली. पाहुण्यांना यायला अजून चार तास होते. दारात डोरोथियाबाई होत्या, मागे होणारा जावई ब्रॉडी.

"बर्फ पडणार म्हणाले, म्हणून लवकरच निघालो," बाई म्हणाल्या. त्यांच्या कोटाच्या बाहीवर काहीतरी केशरी लागलं होतं. "काय गाव हे तुमचं! समोरून एक हिरवी गाडी येते काय, तिच्या टपावरून ट्रे उडतो काय, आणि थेट आमच्या काचेवर! वायपर लावला तर आणखीच पसरलं. कोण वेंधळा असेल?"

इतक्यात अंगणात हिरवी गाडी थांबली. व्हर्लिन पिझ्झाचे सहा खोके छातीशी धरून उतरला. "फक्त पेट्रोल पंपावरचं दुकान उघडं होतं!" तो आनंदाने ओरडला.

पळून जावं तर दारात विहीणबाई उभ्या.

"गाडी त्याची," मार्लिस कशीबशी म्हणाली, "पण रताळी माझी. आणि टर्की बादलीत आहे."

डोरोथियाबाईंनी गॅरेजात जाऊन बादलीवर टिचकी मारली. तंगडीकडे बराच वेळ पाहिलं. मग आत येऊन खुर्चीत बसल्या आणि एक खोका पुढ्यात ओढला. तीन तुकडे खाऊन झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकतीस वर्षं या दिवशी पहाटे चारला उठतेय मी. जेवायला बसते तेव्हा भूक मेलेली असते. आज पहिल्यांदा बसून गरम खाल्लं हो." त्यांनी डोळे पुसले. "ठरलं. पुढच्या वर्षीपासून सण तुमच्याच घरी."

मार्लिसला हुंदका आवरेना. तिने सोल्वेगला घट्ट मिठी मारली.

"आमचे सगळे येतील मग," बाई चौथा तुकडा उचलत म्हणाल्या. "एकोणीस जण."

मार्लिस मिठीतच थिजली. तिने मनात मोजायला सुरुवात केली, ती एकोणीसवर येऊन थांबली. मग ती शांतपणे आत गेली, फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पिझ्झाच्या खोक्यावरचा फोन नंबर उतरवून घेतला.