तळाची मूठ

बाळूकाका वरची वस्तू कधीच घेत नाहीत. पेपर गठ्ठ्याच्या खालून ओढतात, अंडी सगळ्यात खालच्या ट्रेमधली मागतात आणि लग्नाच्या पंगतीत जिलबी घेऊन आलेल्या वाढप्याला हात आडवा करून सांगतात, "वरची नको. तळाची दाखव." वाढपी बिचारा परातीत तळापर्यंत हात घालतो आणि मागची अख्खी पंगत खोळंबते.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. श्रीवर्धनात सुपारीचा व्यापार करण्यात त्यांचा जन्म गेला. पोत्याच्या तोंडाशी वाडीवाले निवडक, गोलगरगरीत सुपारी ठेवतात. काका तिच्याकडे बघतही नाहीत. बाही सारून कोपरापर्यंत हात पोत्यात घालतात, तळाची मूठ काढतात आणि अडकित्त्याने एकेक फोडून बघतात. चार किडक्या निघाल्या तर खूश होतात. एकही निघाली नाही तर मात्र पोतं परत. "झाडाला किडकी लागतेच," म्हणतात. "हितं एक बी न्हाय, म्हंजे कोनीतरी हात फिरवलाय."

हा नियम ते माणसांनाही लावतात. माझ्यासाठी मुलगी बघायला वडिलांनी त्यांना जाणता माणूस म्हणून सोबत नेलं. मुलीकडच्यांनी तिचं शिक्षण, भरतकाम, गाणं सगळं मांडलं. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, "रागावली की काय करते?" मुलीनेच आतून उत्तर दिलं, "भांडी आपटते." काकांनी जागेवर पसंती देऊन टाकली. माझं मत विचारायचं सगळेच विसरले. आमच्या घरी आजही भांडी आपटतात आणि काका शेजारून ते समाधानाने ऐकतात.

अशा माणसाची मुलगी प्राची, यंदा बारावी झालेली. आई नाही, ती प्राचीच्या लहानपणीच गेली. पुण्याच्या एका जुन्या कॉलेजात तिला संख्याशास्त्राला प्रवेश मिळत होता. तेवढ्यात कुठल्याशा कंपनीच्या ऑनलाइन विद्यापीठातून काकांना फोन आला, "सर, घर बैठे डिग्री." एवढ्या एका वाक्यावर काका पाघळले. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, फॉर्म भरायला सगळा गाव माझ्याकडे येतो. काका आले ते फॉर्म भरूनच टाक म्हणत. पोरीने सकाळी भाकरी टाकावी, दुपारी बीएस्सी शिकावी, संध्याकाळी समुद्रावर फिरून यावं. हॉस्टेल नको, घाटातली एसटी नको. दोन दिवसांत त्यांनी बाजारपेठेत ऑनलाइन शिक्षणाचा असा प्रचार केला की मासळीवाल्या बायका मला फॉर्मची चौकशी करू लागल्या.

प्राचीने जेवण सोडलं. दुकानात येऊन म्हणाली, "दादा, पुण्याच्या प्रवेशाची शनिवार शेवटची तारीख हाय. बाबांना सांगा ना." मला ऑनलाइनचं वावडं नाही. माझ्या मुरुडच्या मेहुण्याने नोकरी सांभाळून तसंच शिक्षण घेतलं आणि त्याचं भलं झालं. पण या पोरीला वर्ग हवा होता, बाकावर शेजारी कुणीतरी हवं होतं. मी काकांना गाठून एवढंच विचारलं, "तळाचा माल बघितलात का?"

काका दचकले. आयुष्यात पहिल्यांदाच विसरले होते. तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्या मुलाने टोप्या उडवणाऱ्या पदवीधरांचे फोटो पाठवले. काका म्हणाले, हे पोत्याच्या तोंडावरचं झालं, आता नापासांचे नंबर दे. तो अभिमानाने म्हणाला, "सर, हमारे यहाँ कोई फेल नहीं होता."

काकांचा चेहरा पडला. पण फोन ठेवला नाही. पुढचे तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, ते त्या मुलाला लाडीगोडी लावत होते. बाबा रे, एक तरी असंल. अर्ध्यात सोडून गेलेला चालंल. आठवून बघ. मुलाला काही आठवेना.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीने काका आणि मी त्या कॉलेजचा तळ बघायला पुण्याला गेलो. कॉलेजच्या खिडकीवर काकांनी नापासांची यादी मागितली. कारकुनाने मानही वर न करता सांगितलं, "कँटीनला बघा."

खरंच होते. एकाच टेबलावर चौघं, वडापाव खात. दोनदा गणितात आपटलेली एक मुलगी तर कॉलेजची निंदा करायला कुणीतरी भेटलं म्हणून खुललीच. पंखे फिरत नाहीत, वेळापत्रक कधी लागत नाही, ऑफिस जेवायला जातं ते परत येत नाही. काका प्रत्येक तक्रारीला आनंदाने मान डोलावत होते. किडकी, अजून किडकी. शेवटी त्यांनी विचारलं, मग सोडून का जात नाहीस?

"सोडून गेले होते की," ती म्हणाली. "गणिताच्या मॅडम घरी आल्या, आईसमोर ओरडल्या आणि रिक्षात घालून परत घेऊन आल्या. आता दर रविवारी आम्हा चौघांना बसवून शिकवतात."

काकांनी चौघांना आणखी एकेक वडापाव खाऊ घातला.

परतीच्या एसटीत मी रंगात आलो होतो. "काय काका, माल पसंत?"

"पसंत," ते म्हणाले. म्हसळा मागे पडलं तेव्हा अगदी हळू म्हणाले, "त्या फोनवाल्यानं एक नापास द्यायचा व्हता रे. एकच. मी पोरीला घरात ठेवली असती."

तीन दिवस हा माणूस परीक्षा घेत नव्हता. त्या पोराने पास व्हावं म्हणून गयावया करत होता. मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली.

प्राची फाटकातच उभी होती. काकांनी तिला एवढंच सांगितलं, माळ्यावरची बॅग काढ. ती ओरडत आत पळाली. काका पायरीवर बसले आणि चपला न काढता बसूनच राहिले. मी निघालो तशी त्यांनी हाक मारली.

"ती गेल्यावर सकाळी चहाला येत जा," ते म्हणाले. "मला एका कपाचा चहा करता येत न्हाय."